शिराझच्या घडाला ऊन द्यावं की सावली? (बाबा विरुद्ध कंपनीचा साहेब)

कादवाकाठ
२० डिसेंबर, रात्री १०:४२

मंडळी, आमच्या घरात आठवडाभर अबोला आहे आणि त्याला कारण द्राक्षाचं पान आहे. हसू नका.

दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर बाग. तीन एकर थॉमसन, खायचा माल. उरलेल्या एकरात सहा वर्षांपूर्वी वायनरीशी करार करून शिराझ (लाल वाइनची जात) लावली. मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार बागेत. रोजचं सगळं बाबाच बघतात. यंदा गोडी छाटणी (फळासाठीची) सप्टेंबरअखेर झाली. सध्या शिराझचे मणी टणक, हिरवेगार आहेत. पाणी उतरायला (मणी मऊ पडून रंग-गोडी धरायला) दोन-तीन आठवडे असतील.

गेल्या हंगामात वायनरीने "रंग कमी" म्हणून आमच्या मालाचा दर पाडला. यंदा त्यांचा साहेब बागेत येऊन सांगून गेला की घडासमोरची पानं दोन्ही बाजूंनी साफ काढा, घड उघडा करा. बाबा ऐकायला तयार नाहीत. "पस्तीस वर्षं घडाला कागद बांधला तो काय हौस म्हणून? ऊन लागलं की मणी भाजतो. पान तोडायला काय, शेळीलाही येतं." (खायच्या द्राक्षाला आम्ही रद्दीचा पेपर गुंडाळतो, मणी गुलाबी पडू नये म्हणून. लहानपणी मी निम्म्या बातम्या उलट्या टांगलेल्या वाचल्यात.)

दोघांनाही "का" विचारलं की दोघंही चिडतात. म्हणून इथे विचारतो. घडावर ऊन पडल्यावर मण्याच्या आत नेमकं काय होतं? रंग, गोडी, आंबटपणा, वास, प्रत्येकाचं वेगळं सांगता आलं तर बरं.

ओळी दक्षिणोत्तर आहेत. वेल तारांवर सरळ उभा चढवलाय, मांडव नाही.

चकणा_सम्राट
२० डिसेंबर, रात्री १०:५५

पाणी उतरायच्या आत उत्तर मिळो ही सदिच्छा. आम्ही शेंगदाणे घेऊन बसलोय.

गोदाकाठचा_वाघ
२० डिसेंबर, रात्री ११:१०

एवढा विचार कशाला करता राव? ऊन म्हणजे साखर. घडाला जेवढं ऊन तेवढी गोडी. गोडी आली की रंग आपोआप येतो. साहेबाचं ऐका.

रसायनवाल्या_बाई
२१ डिसेंबर, सकाळी ७:१५

वाघसाहेब, साखर घडात तयार होत नाही हो. ती पानात तयार होते आणि घडात येऊन साठते. पान रांधतं, घड जेवतो. घड काळोखात ठेवला आणि पानं उन्हात असली तरी तो गोड होतो. ऑस्ट्रेलियात शिराझच्याच घडांना अपारदर्शक खोकी घालून हा प्रयोग झालाय. साखरेत फारसा फरक पडला नाही. तेव्हा पानं साफ करून गोडी वाढेल हे डोक्यातून काढून टाका. जास्त पानं गेली तर उलट गोडी चढायला उशीर होतो.

आता मूळ प्रश्न. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, बाग कधी केलेली नाही, हे आधीच सांगते.

लाल द्राक्षाचा रंग अँथोसायनिन या गटातल्या द्रव्यांचा. शिराझमध्ये तो फक्त सालीत असतो, गर पांढराच. पाणी उतरलं की साल ही द्रव्यं बनवायला लागते. प्रकाशाने या कामाला मदत होते, पण घडावर ऊन पडलं की दोन गोष्टी एकदम होतात: प्रकाश वाढतो आणि मणी तापतो. आणि या दोघांचं काम एकमेकांच्या उलट आहे. प्रकाश रंग बनवायला लावतो, उष्णता बनणं थांबवते आणि बनलेला रंग मोडतेसुद्धा. जपानमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅबर्ने या वाइनच्या लाल द्राक्षाच्या वेली २५ आणि ३५ अंशांत ठेवल्या होत्या. ३५वाल्या वेलींच्या मण्यांत रंग निम्म्याहून कमी भरला.

या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या, यावर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एक सुंदर प्रयोग झाला, २००२ साली प्रसिद्ध. मर्लो या लाल द्राक्षाच्या बागेत उन्हातल्या काही घडांवर गार हवा सोडली आणि सावलीतल्या काही घडांवर गरम. उन्हातला पण गार ठेवलेला घड रंगात सरस ठरला. म्हणजे साहेबाला प्रकाश हवाय तो बरोबर, आणि तुमच्या बाबांना उष्णता नकोय तेही बरोबर. भांडण निष्कारण आहे.

आंबटपणा आणि वासाचं संध्याकाळी लिहिते. आत्ता प्रॅक्टिकलला जायचंय.

कादवाकाठ
२१ डिसेंबर, सकाळी ७:४०

बाई, दंडवत. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "भांडण निष्कारण" एवढं वगळून.

तासगावचा_बेदाणा
२१ डिसेंबर, दुपारी १:०५

आमच्याकडं बघा की जरा. तासगाव-सांगलीला बेदाणा उन्हात वाळवत न्हाईत, हे लई जणांना म्हाईतच नसतं. मालाला डिपिंग ऑइल आन् पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचं आन् शेडमदी जाळीच्या रॅकवर पसरायचा. वर पत्रा, बाजूनं हिरवं शेडनेट. वारं पाहिजे, ऊन नको. तवा ती हिरवट-पिवळी झाक टिकती. थेट उन्हात टाकला की तांबूस-काळा पडतो आन् व्यापारी नाक मुरडतो. दर खाली.

तुमच्या बाबांचं म्या समजू शकतो. ज्यानं जन्मभर मण्याचा हिरवा रंग सांभाळला त्याला येकदम म्हनताय, काळा कर.

मिसळ_प्रेमी
२१ डिसेंबर, दुपारी १:३०

शेवटचं वाक्य +१. काय बोललात दादा.

रसायनवाल्या_बाई
२१ डिसेंबर, रात्री ९:२०

राहिलेलं लिहिते.

आंबटपणा: द्राक्षात मुख्य दोन आम्लं, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक म्हणजे आपल्या चिंचेतलं, मॅलिक म्हणजे सफरचंदातलं. मणी पिकताना श्वसनासाठी मॅलिक जाळतो, आणि जितकं गरम तितकं जास्त जळतं. टार्टारिक मात्र उष्णतेला सहसा बधत नाही. त्यामुळे उघडा, तापलेला घड गोड पण सपक होतो. गरम प्रदेशात वाइन करताना वरून टार्टारिक घालतात ते याच कारणाने. पण पार दाट सावली झाली तरी पंचाईत. मॅलिक शिल्लक राहतं, मण्यात पोटॅशियमही जास्त उतरतं, मग सामू वाढतो आणि वाइनचा रंग विटकट दिसतो.

दुसरं, फ्लॅव्होनॉल. क्वेर्सेटिन हे त्यातलं नावाजलेलं. हे मण्याचं स्वतःचं सनस्क्रीन. अतिनील किरण सालीवर पडले तरच साल ते पुरेसं बनवते. मी वर सांगितलेल्या वॉशिंग्टनच्या प्रयोगात काही घडांवर अतिनील किरण अडवणारा पडदा लावला होता. फ्लॅव्होनॉल घसरले, रंगाला मात्र फारसा धक्का बसला नाही. सावलीतल्या आणि उन्हातल्या घडांत सगळ्यात मोठा फरक साखरेत किंवा रंगात नाही, या फ्लॅव्होनॉलमध्ये सापडतो.

क्वेर्सेटिन कांद्याच्या सालीतही भरपूर असतं, जाता जाता.

चकणा_सम्राट
२१ डिसेंबर, रात्री ९:२८

म्हणजे नाशिकला वाइनमध्येसुद्धा कांदाच.

निवृत्त_मास्तर
२१ डिसेंबर, रात्री ९:५०

धागा उत्तम. एक सूचना. "सामू" हा शब्द वापरल्याबद्दल बाईंचे आभार, नाहीतर हल्ली सर्रास पीएच. बाकी आमच्या पिढीला द्राक्ष आणि वाइन म्हटलं की नारायणगाव आठवतं. ऐंशीच्या दशकात तिथे फेसाळ वाइन तयार होऊन परदेशात जायची. नाशिकला सोव्हिन्यॉ ब्लांक (पांढऱ्या वाइनची जात) लावली गेली ती नव्वदीच्या उत्तरार्धात, आणि राज्याचं द्राक्ष-वाइन धोरण आलं २००१ मध्ये.

गोदाकाठचा_वाघ
२२ डिसेंबर, सकाळी ८:३०

बाई, पुस्तकातलं ठीक. पण मी स्वतः रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी मोजायचं यंत्र) लावून बघितलंय, उन्हातल्या घडाचं ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, नेहमी एक-दीडने जास्त येतं. ते कसं?

रसायनवाल्या_बाई
२२ डिसेंबर, सकाळी ८:४५

पाणी उडून. बासुंदी आटवली की गोड लागते, साखर तेवढीच असते.

वाघळीण_नव्हे_ओझरची_सून
२२ डिसेंबर, दुपारी ३:१०

नावावरून गैरसमज नको, वाघांशी नातं नाही.

आमची कॅबर्ने आणि शिराझ मिळून पाच एकर आहे आणि पानं काढायचं काम माझ्याकडे असतं. शास्त्र बाई सांगतायतच, मी हाताचं सांगते.

पहिली गोष्ट, "साफ काढा" असं मजुरांना कधीही सांगायचं नाही. बायका हुशार असतात, उक्तं काम घेतलेलं असतं, साफ म्हटलं की बोडकं करून मोकळ्या होतात. पहिल्या वर्षी आमची अशीच वाट लागली. आता मी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक वेल स्वतः करून दाखवते. घडाच्या खालची, समोरची आणि पाठीमागची फक्त म्हातारी पानं. सगळ्यात खालची पानं तशीही पिवळी पडायला आलेली असतात, ती फारसं रांधत नाहीत. वरच्या पानांना हात लावायचा नाही. एका काडीवर बारा-पंधरा चांगली पानं उरलीच पाहिजेत.

आणि माप सांगते ते असं: ओळीच्या अलीकडे तू उभी, पलीकडे सखूबाई. वेलीतून तिच्या लुगड्याचा रंग दिसला पाहिजे, काठावरची नक्षी दिसता कामा नये. हे बरोबर कळतं. टक्केवारी सांगितली तर कुणाला कळत नाही.

घडावर कवडसे नाचले पाहिजेत. रखरखीत ऊन नको आणि काळोखही नको. काळोखात भुरी (पांढरी बुरशी) येते, फवारा आत पोचत नाही, ते नुकसान तर रंगाच्याही आधी.

दक्षिणायन
२२ डिसेंबर, सायंकाळी ५:४०

ओझरच्या ताई, लुगड्याचं माप मी इथे अॅडलेडमध्ये उद्याच सांगणार आहे. सखूबाई कुठून आणायची तेवढं बघतो.

मी बरोसाजवळ एका वायनरीत तळघरात काम करतो. शिराझ म्हणजे इथलं कुलदैवत. दोन गोष्टी.

एक, परदेशी माहिती वाचताना दिशा तपासा. आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून तापतो, म्हणून इथल्या लेखांत "उत्तरेची बाजू झाका" असं असतं. ते तसंच नाशिकला केलंत तर उलटं होईल. माझ्या ओळखीच्या एका उत्साही मराठी माणसाने केलंय, नाव सांगत नाही.

दोन, मिरी. शिराझला काळ्या मिरीचा वास येतो ना, तो ज्या रेणूमुळे येतो तो रोटंडोन. द्राक्षात तो २००८ साली इथल्या ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेने उघड केला. खऱ्या मिऱ्यातही हाच रेणू असतो. हा गडी गारव्याचा आणि सावलीचा. एकाच बागेत गार, सावलीकडच्या वेलींवर जास्त, तापणाऱ्या बाजूला कमी. म्हणजे ऊन देऊन रंग कमवाल तेव्हा मिरी गमवाल. आणि गंमत म्हणजे पाचातल्या एखाद्या माणसाला हा वास येतच नाही, कितीही घाला.

चकणा_सम्राट
२२ डिसेंबर, सायंकाळी ५:५२

आमच्या ऑफिसात वाइनचा ग्लास गोल फिरवत "मिरी, मिरी" करणारा एक आहे. उरलेले चार आम्ही.

पूर्वपश्चिम
२३ डिसेंबर, सकाळी १०:१५

आमच्या ओळी पूर्व-पश्चिम आहेत, निफाडकडे. जमिनीचा आकारच तसा. मग आम्ही कुठली पानं काढायची?

रसायनवाल्या_बाई
२३ डिसेंबर, दुपारी १२:३०

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तरेवर. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सेहेचाळीसेक अंशांवरच असतो. त्यामुळे तुमच्या दक्षिण बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन, आणि उत्तर बाजूला जवळपास नाहीच, फक्त आकाशाचा विखुरलेला उजेड.

कॅलिफोर्नियाच्या सान होआकिन खोऱ्यात कॅबर्ने आणि ग्रेनाशवर केलेलं काम २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, ते तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे. ते खोरं चांगलंच तापतं. वेलीच्या उत्तर बाजूला प्रकाश वाढत गेला तसा मण्यांचा रंग वाढत गेला. दक्षिण बाजूला मात्र एका मर्यादेपर्यंत वाढला आणि मग घसरला. ती मर्यादा किती असेल? भर उन्हाच्या जेमतेम पाच टक्के. म्हणजे ओझरच्या सूनबाईंचे कवडसे.

तुम्ही उत्तरेची पानं काढा, दक्षिणेची राहू द्या.

पूर्वपश्चिम
२३ डिसेंबर, दुपारी १२:४१

आणि आम्ही सहा वर्षं दक्षिणेची काढतोय. जय हो.

रेडवुड_रहिवासी
२३ डिसेंबर, रात्री ११:५५

कॅलिफोर्नियात नापाजवळ राहतो, त्यामुळे दोन पैसे टाकतो. इथे नव्वदीनंतर पानं काढायची लाटच आली होती. घडाच्या भोवती एक पान दिसलं तरी लोक नाक मुरडायचे. कारण कॅबर्नेतला ढोबळी मिरचीचा वास. तो घालवायला घड उन्हात आणायचे. मग उन्हाळे तापत गेले. २०२२च्या सप्टेंबरातल्या उष्णतेच्या लाटेत पिकायला आलेले घड वेलीवरच मनुका झाले. आता त्याच बागांत घडांच्या पश्चिम बाजूला काळी जाळी लावलेली दिसते. आधी मजुरी देऊन पानं काढली, आता पैसे देऊन जाळी लावतायत.

ओल्ड_मंक_भक्त
२४ डिसेंबर, सकाळी ९:००

ढोबळी मिरची?? वाइनमध्ये??

दक्षिणायन
२४ डिसेंबर, सकाळी ९:४०

होय. मेथॉक्सीपायराझीन. ढोबळी मिरचीतही तेच. एक लिटर पाण्यात त्याचे २ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळतात, म्हणून थोडंही पुरतं. कॅबर्ने, मर्लो, सोव्हिन्यॉ ब्लांक या एकाच गोतावळ्यात ते असतं. शिराझमध्ये हा प्रश्न नाही, तेव्हा कादवाकाठ निश्चिंत.

यात वेळेला महत्त्व आहे. हे द्रव्य मणी हिरवा असतानाच जमतं, पाणी उतरायच्या थोडं आधी कळस गाठतं आणि मग उतरतं. सुरुवातीला ऊन मिळालं तर मुळात कमीच साठतं. पाणी उतरल्यावर जागं होऊन पानं काढली तर या वासावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, मणी मात्र भाजतात. आणि सोव्हिन्यॉ ब्लांकवाल्यांना तो हिरवटपणा थोडा हवाच असतो, न्यूझीलंडच्या मार्लबरोचं नाव त्यावरच झालं. त्यांनी सावली जपावी.

रसायनवाल्या_बाई
२४ डिसेंबर, दुपारी १:१५

वेळेच्या मुद्द्याला जोडून. मणी लहान असताना, फळधारणेनंतर लगेच ऊन दाखवलं तर साल सवय करून घेते, सनस्क्रीन भरून ठेवते. तीन महिने सावलीत वाढवून एकदम उन्हात काढलेला घड म्हणजे एसीत वाढलेलं मूल मे महिन्यात क्रिकेटला पाठवल्यासारखं. कादवाकाठ, तुम्हाला थोडा उशीर झालाय. सगळी पानं एका दिवसात काढू नका.

निवृत्त_मास्तर
२४ डिसेंबर, दुपारी ४:२०

अवांतर प्रश्न. मुलीने भेट दिलेली पांढऱ्या वाइनची बाटली शोकेसमध्ये ठेवली होती, पारदर्शक काचेची, दिसायला सुंदर. चार महिन्यांनी उघडली तर कोबी शिजवल्यासारखा वास. हाही उन्हाचाच प्रताप काय?

रसायनवाल्या_बाई
२४ डिसेंबर, दुपारी ४:४५

अगदी. वाइनमधलं रायबोफ्लेव्हिन निळा आणि अतिनील प्रकाश शोषतं आणि मेथिओनिन या अमिनो आम्लाला मोडतं. त्यातून गंधकाची वासट द्रव्यं निघतात. म्हणून बाटल्या गडद हिरव्या-तपकिरी असतात. मास्तर, पुढची बाटली कपाटात, साड्यांमागे.

निवृत्त_मास्तर
२४ डिसेंबर, दुपारी ४:५१

साड्यांमागची जागा आधीच भरलेली आहे.

कादवाकाठ
२८ डिसेंबर, रात्री ९:३०

अपडेट. कोरोनात घेतलेली कपाळाला लावायची तापमानाची बंदूक घरात पडून होती. तिला वस्तूचं तापमान मोजायचं वेगळं बटण असतं. ती घेऊन आज दुपारी तीनला बागेत गेलो. हवा २८ अंश. पानाआडचा घड २७. पश्चिमेला चुकून उघडा राहिलेला एक घड होता, त्याच्या पश्चिमेकडच्या मण्याला बंदूक लावली तर ३८. त्याच घडाच्या मागच्या मण्याला ३०. एकाच घडात आठ अंशांचा फरक!

बाबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत. बंदूक हातात घेतली आणि स्वतःच्या कपाळाला लावून बघितली.

मग तह झाला. चार ओळींत फक्त पूर्वेची, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन येईल त्या बाजूची पानं. चार ओळींत साहेबाच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही बाजू. बाकी सगळ्या बाबांच्या, पानाला हात नाही. पानंही दोन हप्त्यांत काढणार.

वाघळीण_नव्हे_ओझरची_सून
२८ डिसेंबर, रात्री ९:४२

फक्त पूर्वेची हेच बरोबर. सकाळी ऊन पडतं तेव्हा रात्रीचा गारवा असतो, घड तापत नाही. संध्याकाळचं ऊन आधीच तापलेल्या घडावर पडतं.

तासगावचा_बेदाणा
२८ डिसेंबर, रात्री १०:०५

बाबा न्हाई म्हनले न्हाईत ना? मग हो म्हनले.

रेडवुड_रहिवासी
२९ डिसेंबर, सकाळी ६:३०

एक गोष्ट कुणी बोललं नाही. युरोपातली, इथलीही द्राक्षं पिकतात तेव्हा ऋतू गारव्याकडे झुकत असतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, दिवस लहान होत जातात. नाशिकला उलटं. जानेवारीत रात्री १०-१२ अंश, आणि काढणी फेब्रुवारी-मार्चला जाते तोवर रोज दिवस मोठा, दुपार जास्त गरम, सूर्यही डोक्याकडे सरकत चाललेला. डिसेंबरात जो घड कवडशांत बसला होता तोच फेब्रुवारीअखेर भर उन्हात येऊ शकतो. म्हणून युरोपची पुस्तकं वाचताना कॅलेंडर उलटं धरा.

कादवाकाठ
२९ डिसेंबर, सकाळी ७:०५

हे साहेबाला विचारतो. त्याचं शिक्षण फ्रान्समधलं आहे असं तो स्वतः तीनदा म्हणाला होता.

गोदाकाठचा_वाघ
२९ डिसेंबर, सकाळी ८:१०

रंगच हवा असेल तर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिका लावा. गरसुद्धा लाल. ऊन-सावलीची कटकट नको.

दक्षिणायन
२९ डिसेंबर, सकाळी ८:५०

ती रसासाठी काढलेली जात आहे वाघोबा. शिराझच्या करारात शिराझच द्यावी लागते.

रंगावरून आठवलं, जास्त उन्हाचा एक तोटा इटलीतल्या टस्कनीवाल्यांना भोवतो. सांजिओवेसे या तिथल्या लाल द्राक्षाची पानं फार काढली की क्वेर्सेटिन इतकं भरतं की नंतर बाटलीत तळाला पिवळट गाळ बसतो. गिऱ्हाईक बाटली परत आणतं. सनस्क्रीनचा थर बाटलीत.

आणि रिझलिंग या पांढऱ्या द्राक्षाला जास्त ऊन दिलं की जुन्या वाइनला रॉकेलसारखा वास चढतो. काही लोक त्यासाठीच ती घेतात. रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्या पिढीला ते झेपत नाही.

मिसळ_प्रेमी
३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:२०

धागा वर काढतोय. कादवाकाठ, काय झालं? पाणी उतरलं का?

कादवाकाठ
२७ फेब्रुवारी, रात्री १०:१०

माफी, काढणीच्या गडबडीत होतो. परवा माल गेला.

काढणीच्या आदल्या संध्याकाळी बाबा आणि मी तिन्ही प्रकारच्या ओळींतून फिरलो. हातात बादली, रिफ्रॅक्टोमीटर. बाबा रिफ्रॅक्टोमीटर वापरत नाहीत, मणी तोंडात टाकतात, गर गिळतात, साल बोटांत चोळतात आणि बी दाताखाली फोडतात.

दोन्ही बाजूंनी उघडलेल्या ओळी: ब्रिक्स सगळ्यात जास्त. मी खूश झालो, मग बाईंची बासुंदी आठवली. पश्चिमेकडचे मणी सुरकुतलेले, काही तपकिरी, चामड्यासारखे. साल चोळली तर बोट फिकट गुलाबी. चव गोड, पण आंबटपणा गायब. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी ३४ अंश झालं होतं, तेव्हा हे घड उघड्यावर होते.

हात न लावलेल्या ओळी: मणी टपोरे, एकही भाजलेला नाही. आंबटपणा चांगला. पण रंग असमान, आतल्या बाजूच्या घडांत काही मणी लालसरच राहिले, आणि दोन वेलींवर भुरी. ही भुरी बाबांनी मला दाखवली नाही, मीच शोधली.

फक्त पूर्वेच्या ओळी: साल चोळली तर बोट जांभळं, आणि दोनदा साबण लावूनही गेलं नाही. बी कुरकुरीत, तपकिरी. बाबांनी एक मणी खाल्ला, मग दुसरा, मग त्याच घडातले सात-आठ उभ्या उभ्या. खायच्या द्राक्षातलासुद्धा ते इतकं खात नाहीत.

वायनरीने सगळा माल एकत्रच तोलला, त्यामुळे प्रयोगशाळेचे वेगळे आकडे माझ्याकडे नाहीत. दर यंदा पाडला नाही. वाढवलाही नाही.

रसायनवाल्या_बाई
२७ फेब्रुवारी, रात्री १०:३०

वेगळे आकडे हवेच होते! पुढच्या वर्षी प्रत्येक प्रकारचे शंभर-शंभर मणी पिशवीत घालून बर्फात पुण्याला घेऊन या. बाकी मी बघते.

दक्षिणायन
२७ फेब्रुवारी, रात्री ११:१५

मिरी आली का पण?

कादवाकाठ
२८ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

बाबांना मिरीचा वास आला म्हणे. मला नाही. बहुतेक मी त्या पाचातला.

पुढच्या हंगामाचं ठरलंय, असं आईकडून कळलं. मजुरांच्या मुकादमाशी बाबा परस्पर बोलून आले, "पुढच्या खेपेला मणी ज्वारीएवढा झाला की सकाळच्या बाजूची पानं, संध्याकाळच्या बाजूला हात लावाल तर याद राखा." मला अजून काही सांगितलेलं नाही.

पूर्वपश्चिम
२८ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

ती तापमानाची बंदूक कुठल्या कंपनीची? आम्हालाही घ्यायचीय.

कादवाकाठ
२८ फेब्रुवारी, सकाळी ९:२५

कंपनी बघून सांगतो, सध्या ती माझ्याकडे नाही. आईने जप्त केलीय, विरजण लावताना दुधाला लावून बघते.

ओल्ड_मंक_भक्त
२८ फेब्रुवारी, सकाळी ९:३१

विरजणाला किती अंश लागतं? थंडीत आमचं दही लागतच नव्हतं.